रांग सरकत गेली : डिस्कच्या अग्रक्रमाची कागदोपत्री कहाणी

लिनक्सच्या मूळ संहितेबरोबर जी कागदपत्रे येतात, त्यांत डिस्कच्या विभागात एक लहानसे टिपण आहे. विषय एवढाच : डिस्कवर वाचायच्या-लिहायच्या कामांना अग्रक्रम कसा द्यायचा. टिपणाच्या तळाशी, पत्राखाली असते तशी तारीख आणि सही आहे : ११ मार्च २००५, येन्स आक्सबो. सहीजवळच्या ईमेल पत्त्यात कंपनीचे नाव मात्र ओरॅकलचे. वाचणारा इथे थबकतो. मार्च २००५ मध्ये हा डॅनिश प्रोग्रामर सुसे या कंपनीत होता, ओरॅकलमध्ये तो नंतर गेला. म्हणजे तारीख मूळची आणि पत्ता मागाहून बदललेला. बखरीची नक्कल करणाऱ्या कारकुनाने शक जुना ठेवावा आणि धन्याचा किताब मात्र आपल्या काळचा घालावा, त्यातला हा प्रकार. कागद खोटा ठरत नाही, पण त्यावर एकाहून अधिक वेळा हात फिरला आहे हे कळते.

दुसरा साक्षीदार म्हणजे अग्रक्रमाचा प्रत्यक्ष प्रोग्राम. त्याच्या माथ्यावरच्या स्वामित्वाच्या ओळीत साल आहे २००४. तिसरा साक्षीदार प्रकाशनाचा : ही सोय जगासमोर आली ती २.६.१३ या आवृत्तीत, ऑगस्ट २००५ मध्ये. तिन्ही जुळवले की क्रम लागतो. प्रोग्राम २००४ पासून हाताशी होता, टिपण मार्चमध्ये लिहिले गेले आणि ऑगस्टमध्ये दोन्ही लोकांच्या हाती पडले. मधल्या काळात आणखी एक घटना घडली आणि संशोधकाला तीच जास्त छळते. लिनक्सचे आजचे दप्तर, म्हणजे गिट, १६ एप्रिल २००५ पासून सुरू होते. त्याची पहिली नोंद जुना इतिहास न देता सगळी संहिता एकदम आणून टाकते. टिपणावरची तारीख या दप्तराच्या महिनाभर आधीची आहे. त्यामुळे टिपण स्वीकारले गेल्याची नोंद गिटमध्ये मिळते, पण त्यामागची खाडाखोड तिथे सापडत नाही.

ती शोधायला चौदा वर्षे मागे जावे लागते.

डिसेंबर १९९१. लिनक्स ०.११. लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत विद्यार्थी होता आणि डिस्कच्या रांगेचा सगळा कारभार दोन-तीन लहान फायलींत मावत होता. त्यांतल्या एका फायलीत रांगेची लांबी दिली आहे : ३२ जागा. आकड्याच्या डोक्यावर काही ओळींची टीप आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत मोलाचा कागद हाच. टीपेचा आशय असा : लिहिण्याच्या कामांना रांगेतल्या खालच्या दोन-तृतीयांश जागाच मिळतील, वाचण्याच्या कामांचा मान आधी. ३२ हा आकडा बरा दिसतो. ६४ जास्त होतात, कारण जोरात लिखाण चालू असताना वाचन बराच वेळ अडकून पडते.

शेवटचे वाक्य पुस्तकातून आलेले नाही. ६४ जास्त होतात हे म्हणायला कोणीतरी ६४ करून पाहिलेले असावे लागते, आणि पडद्यावर अक्षरे उमटायची थांबली म्हणून वैतागलेलेही असावे लागते. रांग लांबवली की गैरसोय वाढते, हे त्या पोराने स्वतःच्या यंत्रावर पाहिले आणि जागच्या जागी टिपून ठेवले.

शेजारच्या फायलीत या टीपेची अंमलबजावणी आहे. वाचणाऱ्याला जागा शोधताना पूर्ण ३२ मोकळ्या. लिहिणाऱ्याला ३२ गुणिले २ भागिले ३, अपूर्णांक सोडून २१. जागा नसेल तर लिहिणारा झोपतो आणि जागा झाली की उठतो. तिसरा एक वर्गही आहे : लागेल म्हणून आगाऊ मागवलेले वाचन. त्याला जागा नसेल तर ते झोपतसुद्धा नाही, मुकाट्याने सोडून दिले जाते. रांगेतला क्रम ठरवणारी तुलना एका ओळीची आहे. आधी पाहायचे काम वाचण्याचे की लिहिण्याचे, मग डिस्क कोणती, मग तिच्यावरची जागा कोणती. वाचन नेहमी लेखनाच्या आधी, आणि हे स्वाभाविकच आहे, असेही वर लिहून ठेवले आहे.

स्वाभाविक का? वाचणारा प्रोग्राम उत्तर येईपर्यंत हात बांधून बसलेला असतो. लिहिणारा आपला मजकूर स्मृतीत ठेवून पुढच्या कामाला लागतो, प्रत्यक्ष डिस्कवर तो केव्हा उतरतो याची त्याला पर्वा नसते. डॉक्टरांच्या दारात बसलेला रोगी आणि पोस्टात टाकलेले पत्र यांतला हा फरक आहे. तीन वर्ग, ठरलेला क्रम, राखीव जागा : अग्रक्रमाची पहिली पद्धत ती हीच. फरक इतकाच की अग्रक्रम कामाच्या प्रकाराला होता, काम सांगणाऱ्याला नव्हता. कोणाचे वाचन, हे ती तुलना विचारतच नव्हती.

जागेनुसार क्रम लावण्याचे कारण डिस्कच्या लोखंडात आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, म्हणजे हवा तो तुकडा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद जातात, आणि मुंडी आत-बाहेर सरकवायचा वेळ वेगळा. मागण्या आल्या तशा पुरवल्या तर मुंडी विणकराच्या धोट्यासारखी ये-जा करत राहते. पीटर डेनिंगने १९६७ मध्ये याचा हिशेब मांडला, आणि तेव्हापासून जवळची मागणी आधी आणि लिफ्टसारखे एका दिशेने जाणे या दोन रीती अभ्यासक्रमात आहेत. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांनी त्या आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांच्या किंवा अच्युत गोडबोले यांच्या पाठ्यपुस्तकातून घोकल्या. मुंडी ५३ वर उभी, मागण्या ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७, हे गणित पेपरात ज्याने सोडवलेले नाही असा संगणकाचा पदवीधर विरळा. आल्या क्रमाने गेले तर मुंडी ६४० घरे चालते, जवळचे आधी घेतले तर २३६.

परीक्षेत उत्तर तिथे संपते. यंत्रात मात्र ६५ आणि ६७ पाशी नव्या मागण्या येतच राहतात आणि १८३ वाला ताटकळत बसतो. कालव्याच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. हेडचे लोक उपसत राहिले की पाणी टेलपर्यंत पोचतच नाही, म्हणून तर महाराष्ट्रात शेजपाळी आली : ज्याची पाळी त्याचे पाणी, आणि पाळी ठरवणार पाटकरी. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, पाटकरी म्हणजे शेड्यूलर. आक्सबोने लिहिलेल्या ‘डेडलाइन’ नावाच्या शेड्यूलरमध्ये पाळीची मुदत आकड्यांत दिली आहे : वाचन अर्ध्या सेकंदाच्या पुढे तटवायचे नाही, लेखन पाच सेकंदांच्या पुढे. वाचनाने लेखनाला लागोपाठ किती वेळा डावलावे? दोनदा. मुदतीच्या आकड्यांशेजारी एक प्रामाणिक टीपही आहे, की या मर्यादा सैल आहेत. १९९१ ची राखीव जागांची युक्ती इथे वेळेच्या भाषेत आली. मागणारा कोण, हा प्रश्न याही कागदात नाही.

तो प्रश्न विचारायला भाग पाडले ते एका निरीक्षणाने. राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की एक प्रोग्राम एक तुकडा वाचतो, त्यावर क्षणभर विचार करतो आणि मग शेजारचाच तुकडा मागतो. शेड्यूलरला मधला क्षण रिकामा दिसतो आणि तो मुंडी दुसरीकडे पळवतो. त्यांनी सांगितलेला उपाय आळशी वाटेल असा होता : थोडे थांबा. निक पिगिनने तो लिनक्समध्ये आणला. पण थांबायचे तर कोणासाठी थांबलो हे माहीत हवे. प्रत्येक प्रोग्रामचे खाते वेगळे ठेवणे इथून अपरिहार्य झाले, आणि खाते वेगळे झाले की खातेदारांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे फार लांब राहत नाही.

खातेवार रांगांचा शेड्यूलर आक्सबोने २००३ पासून लिहायला घेतला होता. नाव सीएफक्यू, संपूर्ण न्याय्य रांग. ‘संपूर्ण’ हा शब्द प्रोग्रामर लोकांच्या उत्साहाचा. त्याच्या तिसऱ्या रूपात प्रत्येक प्रोग्रामला डिस्कचा ठरावीक वेळ मिळू लागला आणि मार्च २००५ चे टिपण याच रूपाबद्दल आहे. सप्टेंबर २००६ च्या २.६.१८ मध्ये सीएफक्यू हाच लिनक्सचा नेमून दिलेला शेड्यूलर झाला.

टिपणातला आराखडा असा. अग्रक्रमाचे तीन वर्ग : तातडीचा, नेहमीचा आणि निवांत. पहिल्या दोन वर्गांत ० ते ७ अशा आठ पायऱ्या, ० सर्वांत वरची. निवांताला पायऱ्याच नाहीत, दुसरे कोणी डिस्क मागत नसेल तेव्हाच त्याची पाळी. कोणी काहीच सांगितले नाही, तर पायरी प्रोसेसरच्या वेळेचा अग्रक्रम सांगणाऱ्या ‘नाइस’ आकड्यावरून काढायची : नाइसमध्ये २० मिळवा, ५ ने भागा. नाइस शून्य असलेल्या, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला अशी पायरी मिळते ४.

पायरीचे मोल किती, हे टिपणात नाही, संहितेत आहे. ४ थ्या पायरीला वाचनासाठी १०० मिलिसेकंद. एकेक पायरी वर गेले की २० वाढतात, खाली उतरले की २० कमी होतात. हिशेब केला की ० ला १८० आणि ७ ला ४० मिलिसेकंद येतात. म्हणजे नेहमीच्या वर्गात उंचातल्या उंच आणि खालच्यातल्या खालच्या प्रोग्राममधले अंतर साडेचार पट, त्याहून जास्त नाही. सीएफक्यू एका खातेदाराच्या पुढच्या मागणीसाठी आठ मिलिसेकंद रिकामे बसायलाही तयार असे. राइसचा धडा तो इथे.

टिपणाच्या पोटात एक छोटा प्रोग्रामही छापला आहे, ‘आयओनाइस’ नावाचा. कर्नलशी बोलायची सोय प्रचलित सी ग्रंथालयात नव्हती, म्हणून लेखकाने साधन कागदातच जोडून दिले. कसे वापरायचे याचे उदाहरण म्हणून फायलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ आज्ञा तातडीच्या वर्गात, सर्वांत वरच्या पायरीवर चालवून दाखवली आहे. भाजी आणायला निघालेल्या माणसाला पोलिसांचा ताफा देण्यासारखे हे उदाहरण. त्यावरून एक अंदाज बांधता येतो. मार्च २००५ मध्ये लेखकासमोर यंत्रणा होती, ती नेमकी कोणाला लागणार आहे याचे चित्र अजून पुसट होते.

आता निवांत वर्गाकडे. वरवर पाहता तातडीचा वर्ग धोक्याचा वाटतो, आणि तो वापरायला प्रशासकाचा अधिकार लागणे पटते. पण कागद सांगतात की निवांत वर्गालाही सुरुवातीला प्रशासकाचाच अधिकार लागत होता. स्वतःहून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायला परवानगी कशाला? या सोयीच्या मॅन्युअलच्या पानावर उत्तर नाही, नुसती नोंद आहे : २.६.२४ पर्यंत अधिकार लागत असे, २.६.२५ पासून लागत नाही. २.६.२५ ही आवृत्ती एप्रिल २००८ ची.

उत्तर सीएफक्यूच्या संहितेतल्या एका छोट्या रचनेत दडले आहे. समजा निवांत वर्गातल्या प्रोग्रामने फाइल व्यवस्थेचे एखादे कुलूप घेतले आणि कुलूप हातात असतानाच तो डिस्कच्या पाळीची वाट पाहत बसला. डिस्क रिकामी होत नाही, म्हणून त्याची पाळी येत नाही. पाळी येत नाही म्हणून कुलूप सुटत नाही. मागून आलेला तातडीचा प्रोग्रामही त्याच कुलपासाठी उभा. सर्वांत खालच्याने सर्वांत वरच्याला रोखून धरले, तेही काही न करता. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक अशाच उलट्या अग्रक्रमाने पुनःपुन्हा स्वतःला बंद करून सुरू करत होता. तिथे पेच प्रोसेसरचा होता, इथे डिस्कचा. सीएफक्यूमध्ये त्यावर एक तोड होती : फाइल व्यवस्थेचे असे एकमेव साधन प्रोग्रामच्या हाती असेल, तर तेवढ्यापुरते त्याला नेहमीच्या वर्गात, किमान मधल्या पायरीवर उचलून घ्यायचे. पण ‘माझ्या हाती साधन आहे’ हे फाइल व्यवस्थेने सांगावे लागे, आणि सांगणारी ठिकाणे संहितेत मोजकीच होती. रायझर नावाच्या फाइल व्यवस्थेची रोजनिशी हे त्यांतले एक. पुढे ती तोड काढूनही टाकली गेली. या दोन कागदांवरून माझे मत असे बनले आहे की परवानगीची अट ही तोड अपुरी असल्याची कबुली होती. जे यंत्रणेला धरता आले नाही ते प्रशासकाच्या शहाणपणावर सोडले होते.

याहून मोठी कबुली त्याच मॅन्युअलच्या पानावर आहे, साध्या सुरात लिहिलेली. अग्रक्रम वाचनाला लागू आहे आणि जे लेखन प्रोग्राम स्वतः थांबून पुरे करून घेतो त्याला लागू आहे. इतर लेखनाला नाही, कारण ते लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या हातून होतच नाही.

इतर लेखन म्हणजे बहुतेक सगळे लेखन. प्रोग्राम मजकूर स्मृतीच्या पानांवर टाकतो आणि मोकळा होतो. पानांवर ‘मळकट’ अशी खूण पडते. कर्नलचा एक वेगळा सेवक दर पाच सेकंदांनी उठतो, तीस सेकंदांहून जुनी मळकी पाने गोळा करतो आणि डिस्कवर उतरवतो. उतरवताना नाव लागते त्या सेवकाचे, मूळ लेखकाचे नाही. रात्री कोणी मोठ्या फायलींची नक्कल निवांत वर्गात लावून दिली, तर त्यातले वाचन निवांत होते आणि लेखन सेवकाच्या ओळखीने नेहमीच्या रांगेत जाते. दरवाजावर ओळखपत्र तपासावे आणि आत माल मागच्या दाराने यावा, अशी अवस्था. १९९१ च्या टीपेतले ‘६४ जास्त होतात’ पुन्हा खरे ठरले, फक्त आता रांग ६४ ची नव्हती, स्मृतीत मावतील तितक्या मळक्या पानांची होती.

कर्नलच्या तक्रारवहीत १२३०९ क्रमांकाची नोंद याची साक्ष आहे : मोठी नक्कल चालू असली की बाकीचे यंत्र गोठते. तिच्याखाली वर्षानुवर्षे लोक आपापली गाऱ्हाणी लिहीत राहिले. त्यांची कारणे एक नव्हती, आणि म्हणून ती नोंद एका दुरुस्तीने मिटणारी नव्हती. आक्सबोनेच फेब्रुवारी २०१७ च्या ४.१० आवृत्तीत एक उतारा आणला. सेवकाने एका वेळी डिस्ककडे किती लिखाण पाठवायचे ते वाचनाला लागणाऱ्या वेळेवरून ठरवायचे. फिरत्या डिस्कला ७५ मिलिसेकंदांचे लक्ष्य, चिपवाल्या डिस्कला २. कल्पना त्याने नेटवर्कच्या रांगांवर काम करणाऱ्यांकडून घेतली होती. यात कोणाचाही अग्रक्रम वाढवलेला नाही, रांगच आखूड केली आहे. टोरवाल्ड्सने ३२ वर थांबून जे केले तेच, आता मोजमाप घेऊन.

ईएक्सटी४ या फाइल व्यवस्थेच्या पर्यायांच्या यादीतही एक बोलका आकडा आहे. तिच्या रोजनिशीचे लेखन करणाऱ्या सेवकाला पायरी दिली आहे ३. बाकी सगळे ४ वर, रोजनिशी ३ वर. रोजनिशी अडली की तिच्यामागे सगळेच अडतात, म्हणून तिला एकच पायरी वर. आठ पायऱ्यांच्या जिन्याचा सर्वांत समंजस उपयोग मला तरी हाच वाटतो.

सुट्या प्रोग्रामला पायरी देऊन भागत नाही हे एव्हाना स्पष्ट झाले होते. एका यंत्रावर दहा गिऱ्हाइकांची कामे चालतात आणि प्रत्येकाचे प्रोग्राम शेकड्यांनी असतात. प्रश्न आता ‘आधी कोण’ असा राहिला नाही, ‘कोणाला किती’ असा झाला. हा प्रश्न पाण्याच्या कागदांत फार आधी सोडवला गेला आहे, आणि इथे बरगी धरण आठवते. जबलपूरजवळचे हे नर्मदेवरचे धरण ज्या वाटपाच्या चौकटीत बसते, तो नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. लवादाने नदीचे वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरले आणि वाटले : मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. आकडे इथेच थांबले असते तर तुटीच्या वर्षी भांडण अटळ होते. म्हणून तूट असो वा जादा असो, ती ७३ : ३६ : २ : १ या प्रमाणात वाटावी असे ठरले. प्रत्येक वाटा ०.२५ ने भागला की हेच आकडे मिळतात. निवाड्याची चतुराई यात आहे की तो नदी किती वाहील याचे वचन देत नाही, जेवढी वाहील तिचे भाग पाडतो.

विवेक गोयल यांच्या कामातून २.६.३३ मध्ये, फेब्रुवारी २०१० ला, लिनक्समध्ये जे आले त्याचे तत्त्व हेच. प्रोग्रामांचे गट करायचे, गटाला वजन द्यायचे, आणि गटांची डिस्कसाठी ओढाताण असेल तेव्हा वजनांच्या प्रमाणात वेळ वाटायचा. ओढाताण नसेल तर वजन निरर्थक, एकटा गट सगळी डिस्क घेऊ शकतो. पुढच्या, दुसऱ्या पिढीच्या रचनेत वजन १ ते १०,००० आणि न सांगता १००. त्याच रचनेत टेजुन हो याने २०१५ मध्ये मळक्या पानांवर गटाचे नाव टिकवून ठेवले, म्हणजे सेवकाने उतरवलेले लिखाण शेवटी ज्याचे त्याच्या खात्यावर पडू लागले. मॅन्युअलच्या पानावर दिलेल्या कबुलीला मिळालेले हे उत्तर. पण ते गटांपुरते आहे, आठ पायऱ्यांना अजून नाही.

नदीच्या कागदांशी तुलना एका जागी मोडते, आणि ती मोडते तिथेच पुढची गोष्ट आहे. धरणातून सुटलेले पाणी मोजता येते. डिस्कचा वेळ मात्र मोजायचा म्हणजे एका वेळी एकाचेच काम डिस्कवर आहे असे धरावे लागते, आणि हे गृहीत तोवर ढासळू लागले होते. साटा जोडणीच्या डिस्कला स्वतःचीच ३२ जागांची रांग आली होती. कर्नलने मन लावून क्रम ठरवायचा, मागण्या खाली पाठवायच्या आणि डिस्कने आपल्या सोयीने त्या पुन्हा लावायच्या. पाटकऱ्याने पाळी लिहून दिली, पण पुढे दुसरा पाटकरी बसलेला. तातडीच्या वर्गाची खूण डिस्कच्या आत पोचवायची सोय ४.१० मध्ये आली खरी, पण न सांगता ती बंदच असते.

चिपवाल्या डिस्कांनी उरलेसुरले मोडले. मुंडी नाही, फेरी नाही, म्हणजे लिफ्टही नाही. आणि एकाच रांगेच्या कुलपासाठी सगळे प्रोसेसर भांडत बसले तर तेवढ्यानेच डिस्कचा वेग वाया जातो. आक्सबो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या निबंधात हे मोजून दाखवले. जानेवारी २०१४ च्या ३.१३ पासून कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसरला वेगळी रांग देणारी नवी रचना आली. जुनी आणि नवी पाच वर्षे शेजारी नांदल्या. मग मार्च २०१९ च्या ५.० मध्ये जुनी रचना गेली आणि तिच्याबरोबर सीएफक्यूही. ते काढून टाकणाऱ्या बदलावर सही आहे येन्स आक्सबोची.

खातेवार न्यायाचा वारसा पावलो व्हालेंते यांच्या बीएफक्यू या शेड्यूलरकडे गेला होता. तो जुलै २०१७ च्या ४.१२ मध्ये आला आणि पायऱ्या पाळत राहिला. डेडलाइनच्या नव्या अवताराला पायऱ्या कळत नव्हत्या. बार्ट व्हान आशे याने ऑगस्ट २०२१ च्या ५.१४ मध्ये त्याला तीन वर्ग शिकवले, आठ पायऱ्या नाहीत. खालच्या वर्गातले काम फार वेळ पडून राहिले तर तेही घ्यायचे, अशी तोड पुढे आली आणि मुदत ठरली दहा सेकंद. शेजपाळीतला टेलचा शेतकरी पुन्हा कागदावर आला.

टिपणाचे या काळात काय झाले? मुळात त्यात लिहिले होते की हे सगळे सीएफक्यूपुरते आहे, इतर शेड्यूलर अग्रक्रम जाणत नाहीत. सीएफक्यू संहितेतून गेल्यावरही हे वाक्य काही काळ तसेच होते, रद्द झालेल्या संस्थानाचा शिक्का कचेरीत राहावा तसे. मग कोणीतरी ते दुरुस्त करून बीएफक्यू आणि डेडलाइनच्या नव्या अवताराची नावे घातली. तळची तारीख ११ मार्च २००५ अशीच ठेवली, पत्ताही ओरॅकलचाच.

आजच्या अनेक लॅपटॉपांत जी वेगवान चिपवाली डिस्क असते तिला लिनक्स न सांगता जो शेड्यूलर नेमते, त्याचे नाव आहे ‘नन’, कोणीच नाही. अशा यंत्रावर टिपणातली आज्ञा द्या : ‘एलएस’ तातडीच्या वर्गात, शून्याच्या पायरीवर. कर्नल अधिकार तपासतो, वर्ग बरोबर आहे का पाहतो, सोळा बिटांपैकी वरच्या तिनांत वर्ग आणि खाली पायरी नोंदवतो आणि चूक नाही असे कळवतो. मागणी तो आकडा बरोबर घेऊन निघते, आणि वाटेत तो वाचायला पाटकरी नसतो.